बुवांच्या आवाजाची डबी

१

संगणक दुरुस्त करणाऱ्या विकीने डिस्कची वायर संगणकाला जोडली. डिस्कवरचा निळा दिवा लागला. आम्ही सगळे पडद्याकडे बघत उभे होतो, आणि ज्यांच्यासाठी हे चाललं होतं ते जयवंत बुवा खाटेवरून बघत होते, फक्त डोळ्यांनी.

पडद्यावर एक चौकोन उघडला. त्यात डिस्क बनवणाऱ्यांची स्वतःची एक फाईल होती, डिस्क कशी वापरावी हे सांगणारी. बाकी काही नाही.

"रिकामी आहे," विकी म्हणाला.

"नीट बघ," बुवांचा मुलगा नितेश म्हणाला.

"नीटच बघतोय. बॅकअपच नाही यात."

बुवांच्या बायकोने, माधुरीने, खाटेचा दांडा धरला. मी शेजारच्या घरातली वनमाला, मला त्या दांड्याची करकर ऐकू आली.

बुवांचा आजार असा की एकेक स्नायू कामावरून उठून जातो. आधी पेटीवरची बोटं गेली, मग पाय. जीभ जड व्हायला लागली तेव्हा नितेशने एका कंपनीकडून त्यांचा आवाज साठवून घेतला. बुवांनी माईकसमोर बसून वाक्यांमागून वाक्यं वाचली, त्यातून कंपनीने आवाज घडवला आणि या संगणकात बसवला. पडद्याखाली छोटा कॅमेरा आहे. बुवा ज्या अक्षराकडे बघतील ते उमटायचं, आणि संगणक ते बुवांच्याच आवाजात बोलायचा. पुढे ती कंपनी बंद पडली. तो प्रोग्राम दुसरीकडे बसवायला कंपनीची परवानगी लागते, आणि ती द्यायला आता कोणी उरलं नाही. म्हणून नुसता आवाज वेगळा काढून भागणार नव्हतं. नितेशने अख्ख्या संगणकाचीच, म्हणजे विंडोज, प्रोग्राम, आवाज, सगळं जिथल्या तिथे, अशी प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवली होती. संगणक मेला तर त्या प्रतीवरून तो पुन्हा उभा करायचा. माधुरी त्या काळ्या डिस्कला आवाजाची डबी म्हणायची.

संगणक शुक्रवारी सकाळी मेला. विकीने सगळं साठवणारा आतला भाग बदलला, माधुरीने कपाटातून डबी काढून दिली, आणि शनिवारी ती अशी निघाली.

"काल संध्याकाळी ही तुझ्या हातात होती," नितेश विकीला म्हणाला. "आई चहा करायला गेली, तू इथे एकटा होतास. तूच फॉरमॅट मारलास."

"आईशप्पथ, जोडली पण नव्हती."

"पोलिसांना सांग ते."

मी बुवांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. झोप नव्हती ती, पापण्या थरथरत होत्या. बुवांकडे एवढा एकच दरवाजा उरला होता, आणि तो त्यांनी आतून लावून घेतला.

२

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. ट्रंक कॉल जोडायच्या त्या काळात कानाला रिसीव्हर लावून माणसं ऐकायची सवय लागली. खरं बोलणारा आणि खोटं बोलणारा यांच्या थांबण्यात फरक असतो, हे तिथे शिकले.

बुवांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो पत्र्याच्या मंडपातल्या डबलबारीत, दोन भजनी बुवांच्या सामन्यात. समोरच्या बुवाने चिमटा काढणारं गजराचं पद म्हटलं, सगळा मंडप जयवंत बुवांकडे वळला, आणि त्यांनी पेटीवर बोट ठेवून नुसतं "बरां" म्हटलं. लोक हसून कोसळले. तेव्हा मुलुंडमध्ये कारखान्यांचे भोंगे वाजत. त्या भोंग्यांवर चढून ऐकू जाईल असा आवाज होता तो. माझ्या घरी बुद्धवंदना, त्यांच्या घरी भजन, भिंत एकच. माझे यजमान वारले तेव्हा बुवा महिनाभर पेटीला हात न लावता बसले होते. मीच जाऊन सांगितलं, वाजवा हो, घर खायला उठतं.

आता डॉक्टरांनी सांगितलं होतं की छातीचे स्नायू दमत चालले आहेत. गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी घालायची की नाही ते सोमवारपर्यंत कळवा, आणि हे त्यांनी स्वतः ठरवायचं. गुरुवारी संगणकातून बुवा म्हणाले होते, "इचार करून सांगतंय." शुक्रवारी संगणक गेला.

"बाबा, हो असेल तर एकदा डोळे उघडा," नितेश शनिवारी दुपारी पुन्हा पुन्हा म्हणत होता.

डोळे उघडले नाहीत. नितेशने मोबाईलवर एक तयार मराठी आवाज आणला. बातम्या देणाऱ्या बाईसारखा, स्वच्छ. "बाबा, सध्या यातून बोला." तेव्हा मात्र बुवांनी डोळे उघडले, मोबाईलकडे एकदा बघितलं आणि पुन्हा मिटले. माधुरीने जेवणाच्या नळीतून पेज द्यायला घेतली तर बुवांच्या घशातून असा काही आवाज आला की तिने हात मागे घेतला.

"ते जायचं ठरवतायत गं," ती मला दाराशी म्हणाली. "मला कळतं. संसार केलाय मी."

मी चपला घातल्या आणि विकीच्या दुकानात गेले.

३

विकी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसला होता.

"मावशी, माझी तर वाट लागली. नितेशने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंय."

"मला एवढंच सांग. पुसलेली डिस्क आणि नवी डिस्क, फरक कळतो?"

"पुसली की सगळं जातं, कंपनीची ती माहितीची फाईल पण. यात ती तशीच आहे. फॉरमॅट मारून परत ती फाईल कोण टाकत बसेल? ही डिस्क खोक्यातून काढल्यापासून कोणी वापरलेलीच नाही."

"हे नितेशला बोललास?"

"बोललो ना. तो म्हणतो, मग तूच बदललीस. मी काय करू तिचं, मावशी? बुवांचा आवाज मी कुठे विकणार?"

परत आले तेव्हा नितेश जिन्यात उभा होता. पवईला मोठ्या कचेरीत काम करतो, नाहूरला राहतो, रविवारी येतो. लहानपणी माझ्या घरी झुणका खायला यायचा, तेव्हापासून माझ्याशी बोलताना कठड्याचा रंग नखाने खरवडतो. आजही खरवडत होता.

"तू बॅकअप शेवटचा कधी घेतलास?"

तो थांबला. "मागच्या महिन्यात. दर महिन्याला घेतो. बाबांनाही माहीत आहे, ते विचारायचे ना नेहमी."

"डिस्क तू कधी घरी नेली होतीस? किंवा कचेरीत?"

"छे. ती कपाटातून कधी बाहेरच गेली नाही, मावशी." या वेळी तो थांबला नाही.

दोन उत्तरं, आणि थांबणं फक्त पहिल्याच्या आधी. मला गेला दसरा आठवला.

४

माधुरीच्या घरी खंडेनवमीला हत्यारं पुजतात. सासरे गिरणीत होते तेव्हा घरात पाना आणि हातोडी पुजली जायची. मग बुवांची पेटी, मृदंग, टाळ. आता चौरंगावर पेटीशेजारी संगणकाचा कीबोर्ड, रक्तदाब मोजायचं यंत्र आणि आवाजाची डबी. आमच्याकडे ही पूजा नाही, म्हणून मी ती लांबून आणि नीट बघते. माधुरी ओलं कुंकू अनामिकेने दाबून लावते. नुसता ठिपका नाही, चांगलं दाबून. नंतर पुसलं तरी फटीत राहतं.

घरात आले तर माधुरी बुवांची कूस बदलत होती. मी देवघरातून चार फुलवाती घेतल्या, खोबरेल तेलात बुडवल्या. आधी एक रक्तदाबाच्या यंत्राच्या फटीतून फिरवली. वात लाल झाली. दुसरी पेटीच्या पट्ट्यांमध्ये फिरवली, लाल. तिसरी कीबोर्डवर दोन बटणांमध्ये, लाल. मग चौथी वात डिस्कच्या कडेने, वायर लावायच्या भोकातून, सावकाश फिरवली.

वात पांढरीच राहिली.

ही डिस्क कुणी पुसली नव्हती. बुवांचा आवाज असलेली ती डबी ही नव्हतीच. हिने या घरातला एकही दसरा बघितला नव्हता.

आणि गेल्या दसऱ्याला चौरंगावर डबी नव्हती. मी विचारलं होतं, "आवाजाची डबी कुठंय?" माधुरी म्हणाली होती, "नितेशने नेलीय, बॅकअपला."

नितेश म्हणतो, ती कधी बाहेर गेलीच नाही.

मी मागे वळले. माधुरी माझ्या हातातल्या वातीकडे बघत होती.

५

"चल, आत चल," ती म्हणाली. स्वयंपाकघरात तिने नळ सुरू केला, बुवांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"मी बोलते," मी म्हटलं, "चुकलं तर सांग. कोणीतरी डबी बदलली. ज्याला संगणक कळतो, विकी म्हण किंवा नितेश, त्याने नवी डिस्क रिकामी ठेवली नसती. तेव्हा संगणक चालू होता. नव्या डिस्कवर पुन्हा प्रत उतरवली असती, आणि कुणाला पत्ता लागला नसता. रिकामी डिस्क तोच ठेवील ज्याला प्रत उतरवता येत नाही."

"मला येत नाही," माधुरी म्हणाली.

"पण तू वेडी नाहीस. रिकाम्या डबीत आवाज नसतो हे तुला कळतं. मग ठेवलीस का? कारण तुझा भरवसा होता की नितेश दर महिन्याला प्रत घेतो. महिना होईल, तो येईल, डबी भरेल."

ती भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी होती.

"खंडेनवमीच्या आदल्या दिवशी," तिने सांगितलं. "परातीत पाणी घेऊन सगळं पुसत होते. जुनं कुंकू निघत नव्हतं. ओला हात, सटकली. परातीत पडली, वायर लागते ती बाजू खाली. लगेच काढली गं. वायर लावून बघितली, दिवा लागेना. प्रांजलने मला मोबाईलवरून मागवायला शिकवलंय, आमच्या सूनबाईने. डबीवरचं नाव बघून तशीच मागवली."

"नितेशला का नाही सांगितलंस?"

"तो ओरडला असता. आणि भरेलच म्हटलं पुढच्या रविवारी. कितीतरी रविवारी तो आला. बुवा विचारायचे, बॅकअप घेतलंस मां? तो म्हणायचा, हो बाबा, आत्ताच. आत बसून मोबाईल बघायचा. मला वाटायचं, त्या मोबाईलमधूनच करतो." तिने नळ आणखी सोडला. "आज रिकामी निघाली तेव्हा मला कळलं. मी डबी बुडवली हे सांगायला मला कसली भीती? पण ते सांगितलं की नितेशचं बाहेर येतं. बाप त्याच्यासमोर मरायला टेकलाय, आणि बापाने शेवटचं काय ऐकायचं? पोरगा खोटं बोलत होता?"

"आणि विकीला पोलिसात द्यायचं?"

तिने तेच भांडं पुन्हा घासायला घेतलं.

"माधुरी, जुनी डबी कुठंय?"

"मेली ती."

"कुठंय?"

"पूजेतली वस्तू कचऱ्यात कशी टाकू?" ती म्हणाली. "झिजलेले टाक आहेत, तडकलेला शंख आहे. गणपतीत सगळं एकदम विसर्जन करायचं म्हणून बांधून ठेवलंय."

गणपतीला अजून अवकाश होता.

६

रविवारी बुवांच्या खाटेशी विकीने लाल फडक्याची गाठ सोडली. भोकाच्या कडेला वाळलेलं कुंकू होतं. त्याने आवरण उघडलं. आत बंद धातूची डिस्क, आणि तिच्या टोकाला वायर जोडायची बोटभर पट्टी. पट्टी हिरवी पडली होती.

"पाणी मुख्य डिस्कमध्ये गेलं असेल तर संपलं," तो म्हणाला. त्याने दुकानातली दुसरी पट्टी लावून बघितली. दिवा लागला, गेला. पुन्हा लावली. आतून टकटक आली आणि थांबली. त्याने हात वर केले.

"रिकामी डिस्क तशीच आहे ना, त्याच नावाची," मी म्हटलं. "तिची पट्टी लाव."

"बसली तर बसली," म्हणत त्याने ती उघडली.

नितेश भिंतीला टेकून उभा होता. मी त्याला एवढंच सांगितलं होतं की जुनी डबी सापडली आहे आणि विकीने काही केलेलं नाही. त्याने विचारलं नाही की मग कोणी केलं. आईकडे बघितलं आणि त्याला बहुतेक समजलं.

विकीने नवी पट्टी बसवली. वायर जोडली. दिवा लागला आणि टिकला. आतून बारीक घुंई असा आवाज यायला लागला, फिरत्या गोष्टीचा. विकीने संगणक दुसऱ्या पद्धतीने सुरू केला, आणि पडद्यावर विचारणा आली की कोणती प्रत चढवायची.

तिथे दर महिन्याची तारीख असायला हवी होती. एकच होती. संगणक बसवला त्या वर्षीच्या गुढीपाडव्याची.

मी खाटेकडे बघितलं. डिस्क फिरल्याचा आवाज ऐकून बुवांनी डोळे उघडले होते. पडदा त्यांच्या समोरच होता. ते ती एक तारीख वाचत होते.

"बाबा," नितेश म्हणाला. पुढे त्याला येईना. मग तो खाटेशी बसला. "बाबा, मी घेतलाच नाही. पहिल्यांदा घेतला, नंतर कधीच नाही. तुम्ही विचारायचात तेव्हा हो म्हणायचो. वाटायचं, पुढच्या रविवारी घेऊ."

"आणि डबी मी बुडवली," माधुरी म्हणाली. "त्याच्यावर एकट्यावर नको."

बुवांना उत्तर देता येत नव्हतं. ते दोघांकडे बघत राहिले, आणि ती सबंध दुपार आम्हाला त्या नजरेखाली बसावं लागलं. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. मध्ये एकदा ती बराच वेळ हललीच नाही, तेव्हा नितेशने विकीचा दंड धरला. विकीनेही धरू दिला. माधुरी देवासमोर गेली नाही, खाटेचा दांडा धरून उभी राहिली.

विकीने मला बाजूला घेतलं. "मावशी, एक गोष्ट आहे. हा संगणक आता त्या पाडव्याला होता तसा उठणार. त्यानंतर बुवांनी जे लिहिलं ते यात नाही. जुना आतला भाग पार जळालाय, त्यातून काही निघणार नाही."

मला ठाऊक होतं त्यात काय होतं. बुवा गजर लिहीत होते. डोळ्यांनी, एकेक अक्षर. एक ओळ व्हायला सकाळ जायची. वह्या भरतील एवढे झाले होते. डबलबारीच्या पोरांना द्यायचे म्हणून ठेवले होते.

"सांगावं लागेल," मी म्हटलं.

संगणक उठला तेव्हा उन्हं उतरली होती. बुवांच्या आवाजाचं चिन्ह पडद्याच्या कोपऱ्यात आलं, अक्षरांची पाटी उघडली. विकीने कॅमेरा सारखा केला. नितेशने वडिलांजवळ जाऊन, तोंड न लपवता, गजर गेल्याचं सांगितलं. पाडव्यापासूनचं सगळंच गेलं म्हणाला.

बुवांचे डोळे छताकडे गेले. किती वेळ तिकडेच होते. माझ्या मनात आलं, आता पुन्हा मिटतील.

मग ते पाटीवर आले. एक अक्षर. थांबले. दुसरं. माधुरी एकेक अक्षर ओठांत वाचत होती आणि मध्येच तिचं वाचणं थांबलं.

संगणक बोलला. मंडपातला तोच आवाज, घोगरा आणि भरलेला. "नितेश, गळ्याक भोक पाडूक सांग डॉक्टराक. माका सगळा परत लिवचा आसा."